बसून जेवायच्या जागा

शांताकाकींचं नाव आधी. बाकीचं मागाहून.

शांताकाकी माझ्या कुणी रक्ताच्या नव्हेत. विट्याचे एक मालक सेलमला सोनं गाळायचं, म्हणजे गलाईचं, दुकान चालवायचे. त्यांच्या त्या मंडळी. त्यांनी मला भट्टीपुढून उठवून चुलीपुढं बसवलं नसतं, तर आज हे लिहायला मी असतो की नाही, देव जाणे. लिहिताना माझं मन फार भरकटतं, शाळा आठवीतच सुटलेली. म्हणून त्यांचं नाव पहिल्या ओळीत घालून ठेवतो. राहून गेलं तर माझा जीव राहणार नाही.

निघालो तो दिवस असा. आबा, म्हणजे माझे वडील, मेंढरं थोरल्या भावावर टाकून मला विट्याच्या स्टँडवर सोडायला आले होते. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. गाडीला वेळ होता. बाकडं रिकामं होतं, तरी आबा बसले नाहीत. फडक्यातली भाकरी काढली, मोडून अर्धी मला दिली आणि सवयीनं उभ्यानंच खायला लागले. मेंढरामागं हिंडणारा माणूस उभ्यानंच जेवतो. भाकरी हातावर, खर्डा भाकरीवर, आणि डोळे कळपावर. बसलं की मेंढरू कुणाच्या तरी पिकात शिरलंच म्हणून समजा. पण त्या दिवशी आबांचा घास मधेच थांबला. म्हणाले, "आमचं ह्ये असंच गेलं. तू तितं बसून जेवत जा रं बिरू. बसून जेवणाऱ्याला लोक माणूस म्हंत्यात."

गाडी हलली तेव्हा ते स्टँडच्या बाहेर रस्त्याकडेला उभे होते, उरलेली भाकरी हातात. माझ्या डोळ्यांत ते अजून तसेच उभे आहेत. हेच माझं दुखणं.

सेलमला तेजाबाच्या धुरानं मला खोकला लागला. थांबेचना. मालक म्हणायचे, "हुईल सवय." एक दिवस काकी स्वयंपाकघरातून थेट भट्टीवर आल्या, मला दंडाला धरून उठवलं आणि मालकांना म्हणाल्या, "आवं, ह्ये पोरगं हाय, सोनं न्हवं वितळवायला. मला द्या. ह्याच्या हाताला चव दिसतीया." माझ्या हाताला चव असल्याचं मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. अजून मी काही रांधलंच नव्हतं!

काकींनी मला आमटीपासून सगळं शिकवलं. दुकानातल्या पोरांची पंगत बसली की त्यांचं गावाकडचं आणि तिकडचं तमिळ बोलणं एक व्हायचं: "साप्टाच्चा रं? जेवलास का न्हाई?" पुढं शेजारच्या उडपी हॉटेलवाल्यांपाशी त्यांनीच माझ्यासाठी शब्द टाकला. तिथं तव्यावर हात बसला. त्या हॉटेलवाल्यांच्या पुतण्यानं अमेरिकेत, ॲरिझोनातल्या चँडलरला हॉटेल काढलं, त्याला डोसेवाला पाहिजे होता. असा मी मेंढरामागून वाळवंटात आलो.

आबा फोनवर एकच विचारायचे. हवा नाही, पगार नाही. "बसून जेवलास का उभ्यानंच?" मी म्हणायचो, बसून. हॉटेलातला आचारी कुठला बसून जेवतोय!

आबा गेले तेव्हा माझे कागद सरकारात अडकलेले होते. वकील म्हणाला, आत्ता बाहेर पडलास तर परत येण्याची खात्री नाही. मी गेलो नाही. दहाव्याला येरळेच्या काठी काय झालं, ते भावानं मला नंतर सांगितलं. पिंड मांडला, कावळे बाभळीवर बसून राहिले, एक खाली उतरेना. भाऊ म्हणाला, मेंढरं विकणार नाही. आईला अंतर देणार नाही, असंही म्हणाला. चुलत्यांनी, पाहुण्यांनी सुचेल ते कबूल केलं. ऊन चढलं. सगळ्यांना कळत होतं जीव कशात अडकलाय, बोलणार कोण?

काकी तोवर सेलम सोडून विट्याला येऊन राहिल्या होत्या. आबांचं स्टँडवरचं बोलणं मी सेलमलाच त्यांना सांगितलेलं. त्या रिक्षा करून आल्या होत्या. पुढं झाल्या, पदर सारखा केला आणि हात जोडून म्हणाल्या, "बिरूचं आबा, तुमचं लेकरू उपाशी न्हाई. आठवड्यातनं एकडाव तरी त्यो दुसऱ्याच्या हातचं, बसून जेवंल. ह्यो माजा सबुद." भाऊ सांगतो, त्यांचे हात खाली यायच्या आत कावळा पिंडाला शिवला.

म्हणजे माझ्या वतीनं काकींनी मेलेल्या माणसाला शब्द दिला. तो मोडला तर खोट्या त्या पडणार.

तेव्हापासून सोमवारी, आमचं हॉटेल बंद असतं त्या दिवशी, मी बाहेर बसून जेवतो. त्यामुळं या गावातली साधी, चवीची हॉटेलं माझ्याइतकी कुणाला ठाऊक नाहीत. आपल्याकडची नवी मुलं येतात, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असतात, फोनवर चांदण्या बघून हॉटेल निवडतात आणि फसून आल्यावर मला विचारतात, "बिरूदादा, खायला चांगलं कुठं?" त्यांच्यासाठी लिहून ठेवतो.

टायरच्या दुकानाशेजारी लूपे नावाच्या मेक्सिकन बाईचं हॉटेल आहे. चार टेबलं. मक्याची भाकरी हातावर थापते, मिरची दगडी खलात वाटते. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी सवयीनं काउंटरला टेकून उभाच होतो. ती आतून ओरडली, "सिट, मिहो, सिट!" मिहो म्हणजे माझ्या लेका, हे मला नंतर कळलं. तेव्हा नुसतं 'सिट' ऐकून मी खुर्ची ओढून बसलो. आता मी गेलो की ती न विचारता दोन माणसांचं ताट मांडते. एकट्याला इतकं कशाला, मी म्हणतो. ती समोरच्या खुर्चीकडं बघते आणि हसते. मी तिला आबांचं कधी सांगितलेलं नाही.

दुसरं शेजारच्या मेसा गावच्या रस्त्याला, नवाहो, म्हणजे इथल्या मूळच्या आदिवासी, नवरा-बायकोचं. मटणाचा रस्सा: मीठ, बटाटा, मटण, बास. आपला अळणी, म्हणजे बिनतिखटाचा! वाड्यावर, म्हणजे रानातल्या मेंढरांच्या मुक्कामी, आबा तीन दगडांवर करायचे तोच. मी त्या म्हाताऱ्या बाईला फोनमधला आबांचा फोटो दाखवला. तिनं दोन बोटांनी मोठा केला तो मेंढरांचा भाग. बराच वेळ बघून म्हणाली, "गुड वूल." तिच्याही घरची मेंढरं होती. त्या दिवशी मी वाटी पुसून खाल्ली.

तिसऱ्याबद्दल लिहिताना हात थांबतो. जाळावर मांस भाजणाऱ्या एका टेक्सासवाल्याचं ते ठिकाण, बाहेर लाकडी बाकं. तो मेस्कीटचं लाकूड जाळतो. मेस्कीट म्हणजे आपली वेडी बाभूळ, नाहीतर तिची सख्खी बहीण. ती आपल्याकडं या बाजूच्या मुलखातूनच आली म्हणतात. ती इकडून तिकडं गेली, मी तिकडून इकडं आलो. आबांच्या घोंगड्याला कायम तोच वास असायचा. त्या धुरात मी डोळे मिटत नाही. मिटले की शेजारी कुणीतरी काठी टेकल्यासारखं वाटतं.

एका सोमवारी मी तिथं असताना आमच्या हॉटेलच्या मालकाचा फोन आला. कुणाकडं कार्यक्रम होता, दुसरा आचारी आजारी, लगेच ये म्हणाला. पुडकं बांधून घेतलं आणि गाडीला टेकून भराभर खायला लागलो. इथं कावळ्यासारखे काळे पक्षी आहेत, ग्रॅकल म्हणतात. लांब शेपटी, पिवळा डोळा. हॉटेलांच्या दारात ते खरकट्यासाठी भांडत असतात. त्यातला एक गाडीच्या टपावर येऊन बसला. भांडला नाही, मागितलं नाही, नुसता माझ्या हाताकडं बघत राहिला. मी घास टाकला, त्यानं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. भर दुपारचं ऊन. "उभ्यानंच?" कुणी बोललं नाही. मी ऐकलं.

मी परत गेलो, बाकावर बसलो, सगळं शेवटच्या घासापर्यंत सावकाश खाल्लं. मालक बोलायचं ते बोलला. पक्षी कधी उडाला, ते मी पाहिलं नाही. तेव्हापासून कुठंही बसलो तरी पहिला घास टेबलाच्या कडेला ठेवतो. कधी नेतात, कधी नुसतं बघतात. न नेल्याच्या दिवशी मला झोप येत नाही.

आणि आता हे. काकी अंथरुणाला खिळल्यात. भावानं त्यांच्या उशाशी जाऊन व्हिडिओ लावला. तोंड एवढंसं झालंय, पण पहिला प्रश्न तोच: "साप्टाच्चा? बसून?"

"बसून, काकी. आनि तुमी?"

त्या हसल्या. "मी कवा बसले रं जेवाय? तुमा पोरांची पंगत उठंस्तोवर वट्याला टेकूनच दोन घास. जलमभर उभ्यानं जेवले, आता निजून जेवती. मदलं तेवडं ऱ्हाऊनच गेलं बग!"

भाऊ हसला, मागं उभ्या काकींच्या सूनबाई हसल्या. मी फोन ठेवला आणि लूपेच्या हॉटेलाबाहेर गाडीत तसाच बसून राहिलो. इतकी वर्षं त्यांच्या हातचं खाल्लं. त्यांना ताटावर बसलेलं मी एकदाही पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

घर म्हणजे विटा की चँडलर, मला सांगता येत नाही. जिथं कुणीतरी आपल्याला 'बस' म्हणतं, तिथं थोडं घर असतं, एवढंच मला कळलंय. मला ते आधी काकींनी म्हटलं. त्यांना कुणी म्हटलं नाही.

वकील अजून थांबच म्हणतोय. पण काकी, तुमी बी थांबा. कागद हाताला लागले की मी येतो. पाठीला उशा लावून तुम्हाला बसवीन, पाट मांडीन, माझ्या हातची आमटी वाढीन, आणि तुमचं होईस्तोवर मी वट्याला टेकून उभा राहीन. तेवढं कावळ्यावर ठेवू नगासा. जितेपणी वाढीन. ह्यो माजा सबुद.