अनुभवाचा दाखला

उद्यानविद्येची पदवी घेऊन मी सातारा जिल्ह्यातल्या एका लहान नगरपालिकेत कंत्राटी नोकरीला लागले, तेव्हा आयुष्यात एकाही मोठ्या झाडावर चढलेले नव्हते. आमचं घर सांगलीकडचं, द्राक्षबागेचं. छाटणी मी लहानपणापासून पाहिलेली, पण द्राक्षाची वेल छातीएवढी असते. चिंच, वड, शिरीष ही झाडं मी पुस्तकात शिकले होते.

पहिल्याच आठवड्यात मुलींच्या शाळेपुढच्या चिंचेची एक वाळकी फांदी काढायची होती. माझ्या हातात खडू आणि वही. वर चढायला पालिकेचा रोजंदारीवरचा माणूस होता. साठीकडे झुकलेला, डाव्या पायाने किंचित लंगडणारा. त्याला सगळे मामा म्हणत. मीही म्हणू लागले.

मी फांदीवर खडूने रेघ मारून दिली होती, अगदी खोडाला लागून. मामा चढले, रेघ पाहिली आणि तिच्यापासून दोन बोटं पुढे करवत लावली.

"मामा, रेघेवर कापा ना."

"आवं ताई, ही फांदीची मान हाय. हितं बघा, कशी फुगलीया. मान सोडून कापायचं. मग झाड सोता जखम भरतंय. मानंवर कापलं की कुजत आत जातंय."

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. खोलीवर जाऊन मी पुस्तक उघडलं. त्यात आकृतीसकट तेच लिहिलेलं होतं. परीक्षेत मला त्या प्रश्नाला पूर्ण गुण होते, आणि प्रत्यक्ष झाडावर मला ती मान दिसली नव्हती.

त्यानंतर मी वही मिटून त्यांच्याबरोबर हिंडू लागले. मामा खोडावर करवतीची मूठ आपटून कान लावत. कुठे भरीव वाजतं, कुठे पोकळ, हे त्यांनी मला शंभरदा कान लावायला लावून शिकवलं. कुठल्या झाडाची मुळं कुठल्या साली गटारासाठी तोडली, हे त्यांना ठाऊक होतं, कारण ते खोदकामही त्यांनीच केलेलं. मी त्यांना खोडावर कानासारख्या उगवणाऱ्या बुरशींची नावं सांगायचे. ते मन लावून ऐकायचे आणि म्हणायचे, "नाव लय भारी हाय. पर आमी हिला नुसतं मरणाचा कान म्हंतू."

एक गोष्ट मात्र मला सहन होत नसे, त्यांचा दोर. जुना नायलॉनचा, जागोजागी तंतू सुटलेला. कमरेला पट्टा नाही, डोक्यावर काही नाही. पाय कशाने अधू झाला, असं विचारलं तर म्हणाले, "पडलो हुतो एकदा सुबाभळीवरनं. तवा पोरगी पोटात हुती, घरी सांगितलंच न्हाई चार दिस."

म्हणून वर्षअखेरीच्या अहवालात मी एक वाक्य लिहिलं: उंचीवरचं झाडकाम केवळ प्रशिक्षित व प्रमाणपत्रधारक व्यक्तींकडूनच करून घ्यावं. मला वाटलं होतं, पालिका मामांना पट्टा, टोप, नवा दोर देईल, आठ दिवसांच्या शिबिराला पाठवेल.

दोन महिन्यांनी आदेश निघाला. माझं वाक्य त्यात जसंच्या तसं होतं. त्याखाली, प्रमाणपत्र नसलेल्या मजुरांना झाडावर चढवू नये. एवढंच. कामं बाहेरच्या एजन्सीला जाणार होती.

मग मी धडपड सुरू केली. सांगलीत एका संस्थेत असं प्रमाणपत्र मिळत होतं. मामांना घेऊन मी सकाळची एसटी पकडली. त्यांनी धुतलेला सदरा घातला होता आणि करवत पिशवीत गुंडाळून आणली होती, प्रात्यक्षिक घेतील म्हणून.

खिडकीमागचा माणूस चांगला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. प्रवेशाला दहावी पास हवं, किंवा दहा वर्षांचा अनुभवाचा दाखला. मामा चौथीपर्यंत शिकलेले. अनुभव मात्र सव्वीस वर्षांचा.

"मग दाखला आणा ऑफिसचा," तो म्हणाला.

मी पालिकेत फोन लावला. आस्थापनेतल्या बाईंनी रजिस्टरं काढून पाहिली. त्या सव्वीस वर्षांत मामा कधी या ठेकेदाराचे मजूर होते, कधी त्या. हजेरीपटावर तीन ठिकाणी तीन वेगळी नावं पडलेली. बाई म्हणाल्या, "मला माहीत आहेत की मामा. माझ्या दारातला आंबा त्यांनीच वाचवला. पण कागदावर ते आपल्याकडे कधी नव्हतेच, कशाचा दाखला देऊ?"

मी खिडकीपाशी परत गेले. म्हटलं, मी पदवीधर आहे, मी लिहून देते, यांच्याइतकं झाड मलाही कळत नाही. त्याने माझ्याकडे स्क्रीन वळवून दाखवली. "मॅडम, मला पटतंय. पण हा रकाना रिकामा सोडला की फॉर्म पुढं सरकत नाही. मी काय करू, सांगा."

मामा आवारातल्या बकुळीखाली उभे होते. मी बाहेर आले तर म्हणाले, "हिच्या बुंध्याला सिमिटचा कट्टा बांधलाय बघा. चार वरसं बी काढायची न्हाई."

परतीच्या एसटीत मी त्यांना खरं सांगितलं. ते वाक्य माझं होतं.

मामांनी करवतीची पिशवी मांडीवर नीट ठेवली. मग म्हणाले, "बरं क्येलंसा. दोर खरंच जुना झाला हुता." त्यांनी मला दोष दिला असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

मे महिन्यात एजन्सीची माणसं आली. टोप, पट्टे, यंत्राच्या करवती, सगळं नियमाप्रमाणे. खरं सांगायचं तर ती माणसं सुरक्षित लटकलेली बघून मला बरंच वाटलं. मामा खाली फांद्या गोळा करायला मजूर म्हणून होते. शाळेपुढच्या चिंचेवर काम सुरू झालं. विजेच्या तारांसाठी रस्त्याकडच्या सगळ्या फांद्या काढायच्या होत्या.

मामा माझ्याकडे आले. "ताई, रस्त्याच्या अंगाची ती थोरली फांदी ऱ्हाऊ द्या. त्या बाजूची मुळं गटाराला तोडलीती, मीच तोडलीती. झाड शाळंकडं कललंय. ती फांदी तोल धरून हाय."

मी सुपरवायझरकडे गेले. त्याने कामाचा आदेश पुढे धरला. रस्त्याकडच्या सर्व फांद्या. तो उद्धट नव्हता. "मॅडम, बदल असला तर साहेबांकडून आणा, मी लगेच थांबतो." मी मुख्याधिकाऱ्यांना फोन केला. ते बैठकीत होते. म्हणाले, "लेखी द्या, कारण लिहा."

मी धावत ऑफिसात गेले आणि अर्ज लिहायला बसले. कारणाशी येऊन अडकले. मुळं कधी तोडली, कोणी तोडली, याची नोंद कुठेच नव्हती. मी लिहिलं, स्थानिक अनुभवी मजुराच्या सांगण्यावरून. खोडलं. पुन्हा लिहिलं. अर्ज आवक विभागात देऊन परत आले तेव्हा ती फांदी रस्त्यावर पडली होती आणि मामा तिचे तुकडे हातगाडीत भरत होते.

श्रावणातल्या एका रविवारी, साध्याच वाऱ्यात, चिंच शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर आडवी झाली. शाळा बंद होती, कोणाला काही झालं नाही. या एका गोष्टीसाठी मी आजही देवाचे आभार मानते.

पंचनाम्यावर अर्हताप्राप्त व्यक्तीचं मत लागतं. ती मी. छापील फॉर्मवर कारणं होती: वादळ, कीड, वय, इतर. मी इतरपुढे सगळं लिहिलं. कागद परत आला, शेरा होता, आधार जोडा. आधार म्हणजे कागद. माझ्याकडे फक्त मामांचा शब्द होता. दुसऱ्यांदा लिहिलं, तो कागदही परत आला. तिसऱ्या वेळी नुकसानभरपाईसाठी शाळेचे मुख्याध्यापक माझ्या टेबलापुढे येऊन बसले. भिंत पडलेली, मुली उघड्यावर, आणि तुमच्या एका सहीसाठी अडलंय, म्हणाले. मी वय या शब्दावर खूण केली आणि सही केली. ती चिंच अजून शंभर वर्षं उभी राहिली असती, असं मामा म्हणायचे.

त्या दिवाळीनंतर मामा कामावर यायचे बंद झाले. आदेशानंतर त्यांना फक्त झाडलोट मिळत होती. म्हसवडकडे लेकीच्या गावाला गेले, असं कोणीतरी सांगितलं.

मागच्या वैशाखात कोरेगावला एका लग्नाला गेले होते. मंगल कार्यालयाच्या फाटकाशी खाकी शर्ट घालून एक माणूस शिट्टी वाजवत गाड्या लावून घेत होता. जवळ गेले तर मामा.

"मामा, तुम्ही इथं?"

"व्हय ताई. जावयानं लावून दिलंय. सावलीचं काम हाय." पत्र्याच्या शेडकडे हात करून ते हसले. "तुमची नोकरी कायम झाली का?"

"अजून नाही. दरवर्षी सही करून घेतात."

"व्हईल, व्हईल. तुमच्याकडं कागद हायती."

मला त्यांना पुष्कळ काही विचारायचं होतं. इतक्यात मागून एका गाडीने हॉर्न दिला, मग दुसरीने. मामांनी शिट्टी तोंडात धरली आणि लंगडत तिकडे गेले. मी थोडा वेळ फाटकाशी उभी राहिले. त्यांना मोकळीक मिळेना. आत पंगत बसली होती, कोणीतरी मला हाक मारली, आणि मी जाऊन जेवायला बसले.