कोकराचा वास

तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. ग्राहकसेवेच्या नोकरीसाठी फोनवर होणाऱ्या मुलाखतीला दहा मिनिटं उरली होती आणि भावाने दिलेले बिनतारी हेडफोन माझ्या फोनला जोडले जाईनात. सिरसाळ्याच्या रस्त्यावर वाऱ्यामुळे नुसत्या फोनवर काही ऐकूही येत नव्हतं. बाभळीखाली मेंढ्या राखत बसलेल्या बाईने पदराआडून स्वतःच्या कानातला हेडफोन काढला.

“पहिलं कुणाचं होतं हे?”

“भावाचं.”

“मग त्यालाच धरून बसणार. कोकरू दुसऱ्या मेंढीला लावायचं तर आदी जुना वास घालवावा लागतोय. आण इकडं.”

डाव्या हातातली काठी न सोडता तिने हेडफोनच्या डबीचं बटण अंगठ्याने दाबून धरलं. दिवा लुकलुकला आणि हेडफोन जोडले गेले.

मुलाखतीत शेवटी विचारलं, ग्राहकाचे हेडफोन जोडले जात नसतील तर काय सांगाल? मी कोकराचं सांगितलं. नोकरी लागली.