सुपातले गहू

"आत्या, तू उंबऱ्याबाहेर उभी राह्यली तं मी हळदीले बसत नाही. सांगून ठेवते."

"बस वं पोट्टे. मी काय सवाशीन हाव, जात्यावर बसाले?"

"मंग आजीच्या ओव्या कोणाले येतात? मायले येत नाईत, बेबीताईले येत नाईत. डीजेवाल्याले सांगू काय?"

जयमाला हसली अन् दातानं दोरा तोडला. मांडीवर चामड्याचा पट्टा, त्यावर ती घुंगरं शिवत होती. परवा वडनेर भोलजीला कार्यक्रम. काजल तिच्या भावाची, भागवतची लेक. बापाला न सांगता बीबी गावातल्या जयमालाच्या खोलीवर आलेली.

भावाच्या घरात जयमालानं बारा वर्षांत पाय ठेवला नव्हता. पोरगा म्हणून जन्मली, साडी नेसून कलापथकात गेली, अन् भागवतनं बोलणं टाकलं. बाकी जग मात्र तिच्याशी फार बोले. कार्यक्रम उरकला की कोणी तान्हं लेकरू पुढं करून म्हणे, हात ठेवा. कोणी आपलं लेकरू पदराआड ओढे. हिचा शाप लागतो म्हणत, आशीर्वाद फळतो म्हणत. गाणं कसं झालं हे एखाद्यालाच सुचे.

पोरगी गेली. सुई चालता चालता जयमालाच्या कानात जातं घरघरू लागलं. मायच्या मांडीला टेकलेलं लेकरू, वर मायचा गळा, पापण्यांवर उडून बसलेलं पीठ. साऱ्या ओसरीवर पिठाचं धुकं. त्या धुक्यात पोरगा कोण अन् पोरगी कोण, कोणी विचारत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जयमाला भावाच्या घरी गेली. दारात पोचते न पोचते तोच चुलती मनकर्णाबाई सूप घेऊन आली. सुपात गहू, नारळ, लुगडं. म्हातारीनं सूप उंबऱ्यावर ठेवलं, हात जोडले.

"माय, भाईरूनच आशीर्वाद दे पोरीले."

हिनंच लहानपणी जयमालाचं शेंबडं नाक पुसलं होतं.

भागवत मांडवाच्या दारी पाठमोरा उभा होता. जयमालानं लुगडं अन् नारळ तिथंच काढून ठेवला, सूप उचललं अन् आत गेली. हळकुंडांआधी जात्याला गव्हाचे पाच घास घालतात. ती सजवलेल्या जात्यापुढं भुईवर बसली अन् त्याच गव्हाची मूठ जात्याच्या तोंडात सोडली. खुंटा धरला.

"जातं फिरे घरघर, पीठ उडे अंगणभर,
लेक चालली परघर, बाप उभा मांडवदारी..."

आवाज मायचाच. काजल पाटावर बसल्या बसल्या झुलू लागली. गिरकीगणिक ओसरी धुकट होत चालली.

"चुकली!" मनकर्णाबाई एकदम बोलली. "बाप नाई, मामा हाये तिथं."

"आज बापच उभा हाये, काकू."

"तुही माय मामाच म्हने. अन् सरक तिकडं, एकटीनं जातं ओढून ऱ्हायली, आतडं तुटीन तुहं." म्हातारी समोर बसली अन् खुंट्याला दुसरा हात लागला.

तिसऱ्या घासाला भागवत आला. हातात पाट. तो जयमालाजवळ सरकवून म्हणाला, "भुईवर काऊन बसली?" अन् लगेच मांडवात परत गेला.

निघताना म्हातारीनं पुन्हा धरलंच, "पोरीच्या डोक्यावर हात तं ठेव. तुमचा फळते."

"ठेवते. पन आत्याचा किती फळते, मले ठाव नाई."

उंबऱ्यावरचं लुगडं तसंच पडून होतं.

खोलीवर येऊन तिनं पट्टा मांडीवर घेतला. बोटांना हळद अन् पीठ होतं. दोरा पिवळा होत गेला. चाळीस घुंगरं अजून लावायची होती.