निळ्या शब्दांचा नियम

जालन्याच्या ज्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी नोकरीला होते, तिथं इंग्रजी शाळेतलं माझं मराठी ऐकून मुलं हसायची. सरांनी मला मागच्या खोलीत बसवलं आणि प्रोग्रामिंगच्या एका भाषेची मार्गदर्शक पानं नीट करायला दिली. बोलावं लागत नाही, हे मला बरंच वाटलं.

ती पानं आधी तिघांनी लिहिलेली. दुसऱ्या पानाकडे नेणारी निळी लिंक कुठं ‘इथे क्लिक करा’, कुठं ‘हे बघा’, कुठं नुसतं फाइलचं नाव.

‘‘उघडून राह्यलं ना? मंग झालं,’’ सर म्हणायचे.

घनसावंगीच्या आमच्या शाखेत लाइट फार जायची. तिथल्या मुली पानं छापून, सुतळीनं ओवून वाचायच्या. एकदा मी गेले होते, तेव्हा एकीनं त्या निळ्या ओळीवर बोट ठेवलं. ‘‘मॅडम, कागदावर कुठं क्लिक करू?’’

सगळ्या हसल्या. ती नाही. ती सकाळपासून एकच पान शोधत होती.

परत येऊन मी ठरवलं: लिंकमध्ये पुढच्या पानाचं शीर्षक, जसंच्या तसं. सगळीकडे. आणि छापलेला गठ्ठा शीर्षकांच्या अकारविल्हे क्रमानं, म्हणजे कागदावरही पान सापडेल. निम्मं काम झालं तोच सर पानांची फ्लॉपी मागायला आले. बाहेर घनसावंगीला जाणारी वडापची जीप उभी होती, तिच्यातून ती पाठवायची होती. दुसऱ्या दिवशी तिथली नवी बॅच सुरू होणार होती.

‘‘निम्मीच झालीत, सर.’’

‘‘असू दे. कोण बघतंय?’’

‘‘त्या बघतात. निम्मी अशी, निम्मी तशी गेली तर भरवसा कशावर ठेवायचा त्यांनी?’’

‘‘नोकरी करायची न्हाई का तुला?’’

‘‘करायचीय. म्हणून तर देत नाही.’’

फ्लॉपी मी हातातच धरून ठेवली. बाहेरून ड्रायव्हर ओरडला, ‘‘ओ सर, सीटा भरल्या, जल्दी करा!’’ जीप फ्लॉपी न घेताच गेली.

‘‘सकाळी तूच घेऊन जा,’’ सर म्हणाले. ‘‘बॅच अडली तर परत येऊ नको.’’

संध्याकाळपर्यंत मी सगळी पानं संपवली, जालन्यातच छापून घेतली आणि सकाळी पहिल्या बसनं निघाले. तिथं जुन्या बॅचमधल्या त्याच मुलीनं गठ्ठा घेतला. निळं शीर्षक वाचलं, पानं उलटली, थांबली.

‘‘सापडलं,’’ ती म्हणाली आणि माझ्याकडे न बघता पुढं वाचू लागली.

पुढं सर नव्या माणसांना सांगायचे, हा आमच्या क्लासचा नियम आहे. म्हणू दिलं. ‘इथे क्लिक करा’ मात्र मी तिथं असेपर्यंत एकालाही लिहू दिलं नाही, सरांनासुद्धा नाही.