बायांच्या लाइनीत

माझी पोरगी पोरगा म्हणून जन्मली. वीस वर्षं झाली, ती साडी नेसते. मला ते कधी पटलं नाही, तिच्या आईला पटलं. दवाखान्यात तिला आईच न्यायची, बायांच्या लाइनीत हात धरून उभी राहायची. मी लाजेनं बाहेर चहाच्या टपरीवर बसायचो.

पोळ्यानंतर बायको गेली. मग पोरगी दवाखान्याचं नावच काढेना. महिनाभर खोकत होती. थुंकीत रक्त दिसलं तेव्हा मीच तिला बसनं यवतमाळच्या दवाखान्यात नेलं.

पुरुषांच्या लाइनीत लोक हसायला लागले, म्हणून तिला घेऊन बायांच्या लाइनीत गेलो.

"बुढेबुवा, हे बायांची लाइन आहे," एक बाई म्हणाली.

"माह्या पोरीसोबत आहो. तिची माय मेली."

बाई सरकली.

डॉक्टरनं टेबलापलीकडूनच दोन गोष्टी विचारल्या, गोळ्या लिहिल्या अन् पुढच्याला बोलावलं. छातीला नळीसुद्धा लावली नाही. मी कागद घेऊन उठलो, वरून नमस्कारही केला.

बसस्टँडवर पोरगी म्हणाली, "बाबा, माय असती तं उठली नसती. आधी तपासा म्हणून बसूनच राह्यली असती."

"मंग तू काहून नाही बोलली?"

"मी बोलली की बाहेर काढतेत."

गावची बस समोर लागली होती. ती बस सोडली आणि पोरीचा हात धरून दवाखान्याकडे परत फिरलो. दवाखाना बंद व्हायला थोडाच वेळ होता.