पूजेसाठी काढलेले झाकण

आजवर माझी एकही ओळ छापून आलेली नाही. आयुष्य मुलांना व्याकरण शिकवण्यात गेले. तेव्हा लिहित्या माणसांच्या पंक्तीत येऊन बसण्याचे हे धाडस वाचकांनी पोटात घालावे. माझा आतेभाऊ दत्तूअण्णा जाऊन काही आठवडे झाले. दसऱ्याच्या सकाळी त्याचा धाकटा भाऊ शामू माझ्या दारात आला. त्याच्या सदऱ्यावर लाकडाचा भुसा चिकटलेला होता, आणि त्या भुशाचा रंग लाल... निराळे सांगण्याची गरज उरली नाही.

दत्तूअण्णाची लाकडाची वखार होती. जयनगरच्या नव्या वसाहतीसाठी झाडे तोडण्याची कामे मिळू लागली, तेव्हा त्याने कोडगूच्या एका कॉफीमळ्यावरून पेट्रोलवर चालणारी, साखळीची करवत आणली. त्याच्या जिभेलाही तसेच दात होते. कामगार, बायको, मी, कोणीच त्यातून सुटलो नाही. माझ्या भित्रेपणामुळे तो मला 'मास्तरीणबाई' म्हणे आणि सगळी वखार हसे. तरीही पावसाळ्याआधी माझ्या घरी न मागता वाळलेले सरपण येई, सोबत निरोप असे, "मास्तरीणबाईंना फोडता यायचं नाही, म्हणून फोडून पाठवलंय."

पुढे साखळी तुटली. नवी परदेशातूनच यायची, आणि ती काही येईना. मग अण्णाने साखळी जिच्यावर फिरते ती पट्टी काढून तिच्या जागी एक दातेरी गोल पाते बसवून घेतले. यंत्राचा वेग साखळीसाठी होता. पाते त्या वेगासाठी घडवलेले नव्हते. सुरू होताच ते धरणाऱ्याच्या हातांसकट थरथरे. वहिनींनी हट्ट धरून शामूकडून त्यावर जाड पत्र्याचे झाकण करवून घेतले.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. कुंकू पात्यालाच लागले पाहिजे, म्हणून झाकण काढले. करवतीपुढे कोहळा फोडला. दसऱ्याला मुहूर्ताचा पहिला काप घ्यायचा, तेव्हा वहिनी झाकण घेऊन आल्या. मी तिथे नव्हतो, पुढचे त्यांनीच मला सांगितले.

"अहो, स्वल्प थांबा. शामूभावजींना हे बसवू द्या."

"काल पुजलेल्या देवीला आज झाकून ठेवू? सुम्ने, गुमान आत जा."

"हात नकोत का तुम्हाला?"

"दोन आहेत की! एक गेला तर दुसऱ्यानं तुला बडवीन."

सगळे हसले, शामू सर्वांत मोठ्याने. अण्णाने उघडीच करवत ओंडक्याला लावली. ओंडक्यात जुना खिळा होता. पाते त्यावर आपटून फुटले आणि एक तुकडा अण्णाच्या मानेत शिरला. मागे उभ्या असलेल्यांचे हसणे अजून थांबले नव्हते...

तेराव्याला पंगतीत कोणीतरी म्हणाले, "देवीनं बळी घेतला." वहिनी दाराआडून बाहेर आल्या. "देवीनं नव्हे. झाकण माझ्या हातात होतं." कोणी मान वर केली नाही. एकाने भात मागितला.

परवा वखारीत गेलो. शामूने त्याच यंत्राला नवे गोल पाते बसवले आहे, उघडेच. मी चाचरत झाकणाचे विचारले.

"अण्णाचं नशीब फुटलं हो, पात्याचा काय दोष?" तो हसत म्हणाला. आवाज हुबेहूब भावाचा. "झाकण असलं की काप दिसत नाही. तुम्ही कुणी 'भॉक' केलं तरी डोळे मिटता, तुम्हाला काय कळणार?"

वहिनी दारात उभ्या होत्या. माझ्याकडे पाहत राहिल्या. त्या घरात आता कर्ता पुरुष तो एकच उरला आहे, आणि सोमवारी तो ती करवत घेऊन झाडावर चढणार आहे. मला आवाज चढवता येत नाही. वाचकहो, त्याला थांबवण्यासाठी मी काय बोलू?