शालनताईंचं डोंगरावरचं घर

शालनताई रोज सकाळी बुद्धाच्या मूर्तीसमोर पंचशील म्हणत, आणि त्यातलं चौथं, खोटं न बोलण्याचं शील त्या मनापासून पाळत. आता माणूस खोटं बोलत नाही म्हणजे भेटेल त्याला सगळं खरं सांगत सुटतो असं थोडंच आहे? बाईंची नोकरी टेलिफोन खात्यातली. ट्रंककॉलची तीन मिनिटं भरली की पलीकडचा रडत असो की भांडत असो, बोलणं तोडायचं, हे त्या ऐन तारुण्यात शिकल्या. पुढं मोबाइल आले, खात्यातली टेबलं ओस पडायला लागली आणि त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. पण वाक्य नेमकं कुठं तोडायचं, ही विद्या काही निवृत्त झाली नाही.

त्यांचा मुलगा चेतन हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. पूर्वा त्याच कंपनीतली, जायची-यायची बसही एकच. हिंजवडीचा ट्रॅफिक असा, की त्यात अडकलेल्या माणसांचं लग्न ठरलं नाही तरच नवल. पूर्वाची आई नीरजाताई बोलणी करायला म्हणून शालनताईंच्या फ्लॅटवर आल्या. दोघीही कोथरूडच्या, पण एक सोसायटीतली आणि एक बंगल्यातली. नीरजाताईंनी चहा निवेपर्यंत बंगल्याचं वर्णन केलं. सासऱ्यांनी कसा बांधला, जिना कुठून वळतो, चाफा कोणत्या खिडकीत येतो, सगळं. मग कप उचलत त्यांनी विचारलं, "आणि तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"वारज्याच्या पलीकडं डोंगरावर घर होतं आमचं," शालनताई म्हणाल्या. "चारी बाजूंनी मोकळं. वारा तर असा यायचा, की विचारू नका."

"अरे वा. वडील काय करायचे?"

"दगडाच्या कामात होते."

यातला शब्दन् शब्द खरा होता. घराच्या भिंती गोणपाटाच्या होत्या म्हणून ते चारी बाजूंनी मोकळं होतं, आणि वाऱ्यानं दोनदा छपराचा पत्रा नेला होता, एवढंच त्या बोलल्या नाहीत. वडिलांचं दगडाचं काम म्हणजे खाणीत पहारीनं भोकं पाडून त्यात सुरुंग भरायचं, हेही राहून गेलं. चेतनलाही त्यांनी एवढंच सांगितलेलं होतं. त्यानं ते पूर्वाला सांगताना 'काम'चं 'धंदा' करून टाकलं. पण मुलाच्या थापेनं आईचं शील मोडत नाही, अशी शालनताईंनी स्वतःची समजूत घातली.

गंमत तिथंच संपली असती. पण नीरजाताईंना डोंगर चढायचं वेड होतं. आठवडाभर एसीत बसून अंग आखडलेल्या पोरांचा एक गट दर रविवारी कुठं ना कुठं पायपीट करायचा, त्यात पूर्वाबरोबर या साठीच्या बाई सगळ्यांत पुढं असत. मागच्या डिसेंबरात त्या थेट कोकणात रेडीला जाऊन, बंद पडलेल्या लोखंडाच्या खाणींवरून समुद्रकाठानं चालून आल्या होत्या. तिथल्या लाल मातीनं माखलेले बूट त्यांनी अजून धुतले नव्हते. आल्यागेल्याला दिसावेत म्हणून ते दारातच ठेवले होते.

"खाणींचंसुद्धा एक सौंदर्य असतं हो," त्या शालनताईंना म्हणाल्या.

शालनताईंना खाण आठवली की भाकरीतली कचकच आठवायची. त्यांनी फक्त "असेल" म्हटलं.

"आता येत्या रविवारी तुमच्याच डोंगरावर आहे आमची वाट. वारज्याच्या मागच्या जुन्या दगडखाणींवरून. तुम्ही यायचंच. तुमचं घर बघायचंय मला."

शालनताई सबबी शोधायला लागल्या. त्यांनी गुडघा पुढं केला, नीरजाताईंनी गुडघ्याचा पट्टा आणून दिला. पाहुणे येणार म्हणाल्या, तर चेतन म्हणाला, "कोण पाहुणे? आई, चल ना. मलाही दाखव की घर." सगळे मार्ग बंद झाले.

भीती मात्र खरी होती. पूर्वा त्यांना फार आवडली होती. पोरगी सरळ होती, घरात आली की आधी स्वयंपाकघरात येऊन काय शिजतंय ते बघायची. गोणपाटाच्या घरात वाढलेली विहीण चाफ्याच्या बंगल्याला चालेल का, आणि नाही चालली तर चेतनचं काय, या विचारानं त्यांना झोप लागेना. शेवटी शनिवारी त्या रिक्षा करून गुपचूप डोंगराच्या पायथ्याला जाऊन आल्या. उतारावर एक गुलाबी बंगला होता. बरा होता. दाराला कुलूप होतं. तोच दाखवायचा आणि 'विकला आम्ही' म्हणायचं, असं त्यांनी ठरवलं. रविवारी सकाळी पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी त्या जरा पुटपुटल्या.

वाट सोपी निघाली. शालनताई पंजाबी ड्रेस आणि चेतनचे जुने बूट घालून आल्या होत्या. नीरजाताईंकडे टोपी, दोन हातांत दोन काठ्या आणि पाठीवरच्या पिशवीतून थेट तोंडात येणारी पाण्याची नळी असा सरंजाम होता. बोलतानासुद्धा त्या मधूनच नळी ओढत. गटाचा म्होरक्या रोहन नावाचा तरुण. गळ्यात शिट्टी अडकवून तो माणसं मोजत होता. हा डोंगर आधी इमारतींसाठी फोडला आणि इमारती उभ्या राहिल्यावर तिथल्या लोकांनी धूळ येते म्हणून खाणी बंद पाडल्या, हे त्यानं सगळ्यांना समजावून सांगितलं. शालनताईंनी मान डोलवली. त्यांची नजर गुलाबी बंगल्यावर होती.

चढ संपला आणि सगळे एका मोठ्या खाणीच्या काठावर आले. समोर सरळसोट कापलेला खड्डा, तळाशी हिरवं पाणी. पलीकडच्या उतारावर बंगला नेमका दिसत होता. नीरजाताई मधे, त्यांच्या एका हाताला शालनताई आणि दुसऱ्या हाताला चेतन उभा होता.

"मग, कुठलं तुमचं घर?" नीरजाताईंनी विचारलं.

शालनताईंनी हात उचलला. तेवढ्यात रोहनला सगळ्यांचा एकत्र फोटो काढायची हुक्की आली, आणि पांगलेल्यांना बोलवायला त्यानं तीन लांब शिट्ट्या मारल्या.

पुढचं शालनताईंनी केलं असं म्हणता येणार नाही, ते झालं. त्यांनी नीरजाताईंची मानगूट धरली, त्यांना टोपी-काठ्यांसकट शेजारच्या खडकामागं आडवं केलं, वरून स्वतः पालथ्या पडल्या आणि दोन्ही हातांनी त्यांचं डोकं झाकून ओरडल्या, "सुरुंग हाय! खाली पडा समदी!"

कुणीही पडलं नाही. सगळे होते तिथं उभे राहून बघत राहिले. खाणीतल्या पाण्यावरून एक बगळा उडाला. नीरजाताईंच्या पाण्याच्या नळीतून बारीक धार लागली होती, ती शालनताईंच्या कानात जात होती.

"काकू," रोहन हळूच म्हणाला, "शिट्टी फोटोसाठी होती."

शालनताई उठून बसल्या. पाय घसरला म्हणायची सोय अजून होती. चेतन तर तोंड उघडं टाकून आईकडे बघत होता. त्यानं आईच्या तोंडून 'हाय' कधी ऐकलं नव्हतं.

नीरजाताई कोपराला रुतलेला काटा शोधत म्हणाल्या, "सुरुंगाचं तुम्हाला कसं माहीत?"

इथंच तोडायचं, हे शालनताईंना कळत होतं. पण सोंग आणायचं बळच उरलं नव्हतं.

"तीन लांब शिट्ट्या म्हणजे वात पेटली," त्या म्हणाल्या. "माझे वडील पेटवायचे. वात पेटवून पळत यायचे. मालक नव्हते ते, मजूर होते. घर म्हणजे गोणपाटाची झोपडी होती आमची."

"कुठं होती?"

शालनताईंनी बोट दाखवलं. सगळ्यांनी तिकडं पाहिलं. खाणीच्या बरोबर मधे, पाण्याच्या कितीतरी वर, नुसती हवा होती.

"तिथं?"

"तिथंच. तेव्हा तिथवर डोंगर होता. खाण सरकत आली तशी वस्ती उठवली, आणि मग तोही फोडला."

पूर्वानं पुढं होऊन शालनताईंच्या पाठीवरची माती झटकली. पहिल्यांदा बोलला तो चेतन, आणि तो दुखावलेला होता.

"आई, मीपण होतो की तिथं. मला सोडून तू काकूंना ओढलंस?"

"तू लांब होतास," शालनताई म्हणाल्या. "खाणीत तसंच असायचं रे. शिट्टी झाली की आपलं पोर शोधत फिरायचं नाही, तेवढ्यात दगड येतो. हाताशी जो असेल त्याला ओढायचं. आपलं पोर कुणीतरी ओढलेलं असतंच. मलाही लहानपणी आईनं कधी झाकलं नाही. दर वेळी दुसरीच कुणी बाई असायची."

एवढं बोलून त्या थांबल्या. आता नीरजाताई उठतील, टोपी नीट करतील आणि गोड शब्दांत लग्नाचं बघू म्हणतील, अशी त्यांनी मनाची तयारी केली. नीरजाताई उठल्या. त्यांनी टोपी नीट केली. वाकडी झालेली काठी उचलून पाहिली आणि टाकून दिली.

"चेतन कुणाच्या हाताशी होता?" त्यांनी विचारलं.

चेतन अजून खाणीच्या काठावरच उभा होता.

"माझ्याच होता ना? मग त्याला मी ओढायला हवं होतं. चुकलं माझं," नीरजाताई म्हणाल्या. "ए, आधी काठावरून आत ये." आणि त्यांनी चेतनची बाही धरून त्याला आपल्या बाजूला ओढून घेतलं.